शंभरातले दहा

तुमसरला धानाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं दुकान होतं. राईस मिलला लागणारं सामान तिथे मिळायचं. पट्टे, बेअरिंग, एलिव्हेटरच्या बादल्या, चाळण्या आणि रबर रोल. दुकान मामांचं होतं आणि गावोगाव फिरायचं काम भाच्याकडे होतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. वेगळा गोंदिया जिल्हा व्हायला 1999चा मे महिना उजाडायचा होता. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या आणि धानामागोमाग राईस मिल. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. ते टिकत मात्र नव्हतं.

मामांचा धंद्याचा एकच नियम होता. मिलवाल्याच्या ऑफिसात शिरायचं आणि ऑर्डर घेतल्याशिवाय उठायचं नाही. दिवाळीच्या आधी कॅलेंडर द्यायचं, मिठाईचा डबा द्यायचा आणि बसायचं. शेठ म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू," तर म्हणायचं, "पुढच्या महिन्यात भाव वाढणार." शेठ म्हणाले, "रोल शिल्लक आहेत," तर म्हणायचं, "असू द्या, आणखी चार ठेवा." मामांनी असाच संसार उभा केला होता. भाच्यालाही त्यांनी हेच शिकवलं.

भाचा मामांच्या शब्दाबाहेर नव्हता. तो देव्हाडीच्या स्टेशनवर, म्हणजे तुमसर रोडला, सकाळची पॅसेंजर धरायचा. तिरोड्याला उतरायचा, कधी थेट गोंदियापर्यंत जायचा. दुसऱ्या दिवशी एसटीनं मोहाडी, भंडारा, लाखनी. खांद्याला पिशवी, पिशवीत दरपत्रक. तो दारात दिसला की मुनीम मान वर न करताच सांगायचा, "शेठ बाहेरगावी गेले." शेठच्या चपला उंबऱ्याशीच असायच्या.

एकदा तिरोड्याकडच्या एका मिलवर त्याला असंच सांगितलं गेलं. परतीच्या गाडीला बराच वेळ होता. उन्हात बसण्यापेक्षा सावली बरी म्हणून तो मिलच्या आत गेला. दोन रबर रोलमध्ये धान सोलणाऱ्या मशीनजवळ, शेलरजवळ, एक म्हातारा मिस्त्री उभा होता. भुवया, मिशा, टोपी, सगळं तुसाच्या धुळीनं पिवळं झालेलं. मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे पाहिलं.

"शेठ भेटले नाई वाटते," तो म्हणाला. "बस. तो कागद ठेव बाजूले."

भाचा पोत्यावर बसला. मिस्त्रीनं शेलरच्या तोंडाखाली हात धरला. मूठ भरून घेतली, तूस फुंकरीनं उडवला आणि दाणे एका काळ्या कापडाच्या तुकड्यावर पसरले.

"मोज बरं. शंभर घे आन् त्यातले न सोललेले किती ते सांग."

भाच्यानं मोजले. शंभरात चार न सोललेले होते.

"चारच!" भाचा म्हणाला. "मशीन चांगली चालू आहे."

मिस्त्री हसला. "चांगली नाई चालत. आता सोललेले पाहा."

भाच्यानं पाहिलं. सोललेल्या दाण्यांत अर्धे, पाव, टोक उडालेले कितीतरी होते. कणीच कणी.

"सारेच एका फेरीत सोलाले गेला तं दाना फुटते," मिस्त्री म्हणाला. "मालक म्हणते, दाब वाढव. वाढवला. आता कणी पडते तं म्हणते, रोल खराब. तुह्याच दुकानचा रोल हाये तो. शंभरातले दहा राहू द्याचे असते, बापू. ते सेपरेटरमदून वापस येतेत. दुसऱ्या फेरीत आरामात सोलतेत."

त्यानं स्क्रू सैल केला. थोड्या वेळानं पुन्हा मूठ घेतली, पुन्हा मोजले. बारा न सोललेले. कणी निम्म्यानं उतरली होती.

गाडीची वेळ होईपर्यंत भाचा तिथेच बसला. रोल एका टोकाला जास्त झिजलेला त्याला दिसला. वरून धानाची चादर रोलच्या पूर्ण रुंदीवर सारखी पडायला हवी. इथे ती एका बाजूलाच पडत होती. त्यानं मशीन थांबवायला सांगितली आणि झडपेत हात घातला. आत सुतळीचा गुंता आणि तणसाची काडी अडकलेली होती. त्यानं ती काढली. एवढंच. त्या दिवशी त्यानं तिथे काहीही विकलं नाही.

रात्री मामांनी विचारलं, "किती झाली?"

"काहीच नाही," भाचा म्हणाला.

जेवण झाल्यावर त्यानं एक पोस्टकार्ड घेतलं. तेव्हा पोस्टकार्ड 15 पैशांना मिळायचं. त्यानं त्या मिलच्या पत्त्यावर लिहिलं, की झडपेत सुतळी आणि काड्या अडकतात, धान एका बाजूला पडतं, रोल एकाच टोकाला झिजतो आणि लवकर जातो. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी झडपेत बोट फिरवून पाहावं. खाली नाव आणि पत्ता लिहिला. भाव लिहिला नाही. सामान कुठे मिळतं तेही लिहिलं नाही. मग त्याच्या मनात आलं की ही अडचण एकाच मिलची थोडीच असणार. मामांच्या वहीत सगळ्या मिलवाल्यांचे पत्ते होते. त्यानं आणखी पोस्टकार्डं आणली आणि तेच पुन्हा पुन्हा लिहीत बसला.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहत. भाच्याच्या ओसरीवरचा दिवा उशिरापर्यंत जळताना पाहून ते आले. एक कार्ड उचलून त्यांनी वाचलं.

"मजकूर चांगला आहे," गुरुजी म्हणाले. "पण तू एका कार्डावर तीन गोष्टी कोंबल्या आहेस. एका कार्डावर एकच गोष्ट लिही. मिलमधला माणूस उभ्या उभ्या वाचतो."

मग गुरुजींनी त्याला आपल्या घरी नेलं. त्यांच्या कपाटात जुन्या 'किर्लोस्कर' मासिकाचे बांधीव खंड होते. "हे मासिक वाचत आम्ही मोठे झालो," ते म्हणाले. "कथा, लेख, वाद, काय नव्हतं यात. पण हे निघालं कशातून, ठाऊक आहे? नांगरातून."

आणि त्यांनी सांगितलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. लोक म्हणत, लोखंडानं जमीन नासते. नांगर पडून राहिले. पहिला खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला. आणि 1920 मध्ये तिथून एक छोटं पत्र निघू लागलं, 'किर्लोस्कर खबर'. कारखान्याच्या बातम्या, यंत्रांची माहिती, गिऱ्हाइकांशी आणि एजंटांशी चार शब्द. संपादक होते शंकरराव, लक्ष्मणरावांचे पुतणे. पत्रात नुसती यंत्रं राहिली नाहीत, माणसांना उपयोगाचं आणि विचारांचं लिखाण येऊ लागलं. खबरचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'. ज्यांनी जन्मात नांगर विकत घेतला नसता त्या घरांतही किर्लोस्कर हे नाव आदरानं घेतलं जाऊ लागलं.

(गुरुजींना आणखी एक गोष्ट सांगता आली असती. अमेरिकेत जॉन डीअर या नावानं नांगर विकणाऱ्या कंपनीनं 1895 मध्येच शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं नियतकालिक काढलं होतं आणि ते आजही निघतं. दोन्हीकडे नांगरवालेच निघाले. शेतकऱ्याला नवी वस्तू देताना ती वापरायची कशी हे सांगितल्यावाचून गत्यंतर नसतं, हे बहुधा त्याचं कारण असावं.)

"शंकररावही पुतण्याच होते," गुरुजी हसून म्हणाले. "तू भाचा. लिही."

भाचा दर महिन्याला एक कार्ड लिहू लागला. एकच गोष्ट, पाच-सात ओळी. नवे रोल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना रबराला कडक करतो आणि कडक रबर दाणा फोडतं. उन्हात तापलेलं धान लगेच मशीनवर घालू नका. सावलीत गार होऊ द्या. कुठलं कार्ड त्याला मिस्त्रीनं सांगितलेल्या गोष्टीवरून सुचायचं, कुठलं स्वतः पाहिलेल्या बिघाडावरून. जे त्यानं मशीनजवळ उभं राहून पाहिलं नव्हतं ते तो लिहीत नव्हता.

मामा हे सगळं गप्प राहून पाहत होते. चौथ्या की पाचव्या कार्डाला मात्र त्यांचा संयम सुटला. त्या कार्डावर लिहिलं होतं: "शेलरचे दोन्ही रोल सारख्या वेगानं फिरत नाहीत. जो वेगानं फिरतो तो आधी झिजतो. त्याला फेकू नका. दोघांची अदलाबदल करा. जोडी जास्त दिवस चालेल."

"काहून रे," मामा म्हणाले, "तू दुकान चालवून रायला का शाळा? लोक अदलाबदल करू लागले तं रोल कमी खपन. आपल्या हातानं आपल्या पोटावर पाय देतं का?"

"मामाजी, खरं हाये ना पण ते."

"खरं हाये. पण सांगाले कोन बसवलं तुले?"

भाच्याजवळ उत्तर नव्हतं. त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी कार्डं पेटीत टाकली.

मामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या हंगामात रोल खरोखरच कमी खपले. शिवाय नागपूरचा एक व्यापारी गाडी घेऊन जिल्ह्यात फिरू लागला. दहा जोड्या घेतल्या की एक स्टीलची टाकी फुकट. मिलवाल्यांनी टाक्या घेतल्या. भाचा एका मिलवर गेला तेव्हा त्याला शेलरवर नागपूरचे नवेकोरे रोल दिसले. त्यांच्या वरच भिंतीत एक खिळा होता आणि त्या खिळ्याला त्याची कार्डं टोचून ठेवलेली होती. एकावर एक, महिन्यांच्या क्रमानं, कडा तेलानं काळ्या झालेल्या.

भाचा तिथे बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं मिस्त्रीला विचारलं, "अदलाबदल करता का रोलची?"

"करतो ना जी," मिस्त्री म्हणाला. "कार्डात लिवलंच हाये तुमी."

भाचा घरी आला. माणूस आहे, त्याला वाईट वाटलंच. मामांनी ते चेहऱ्यावरून ओळखलं आणि एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्याचं कार्ड लिहायचं की नाही यावर भाच्यानं दोन दिवस घालवले. अखेर लिहिलं. तोवर सवयच झाली होती म्हणा, किंवा खिळ्याला टोचलेली ती कार्डं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती म्हणा.

पोस्टकार्डाची एक गंमत आहे, ती त्याला फार उशिरा कळली. पाकीट फोडून वाचतो तो मालक. पोस्टकार्ड उघडं असतं. ते आधी पोस्टमन वाचतो, मग फाटकावरचा चौकीदार, मग मुनीम, आणि मिलच्या कामाचं दिसलं की मुनीम ते मिस्त्रीच्या हातात देतो. शेठच्या टेबलावर ते कित्येकदा पोचतच नसे. मामांनी आयुष्यभर ज्याच्याशी बोलणं केलं तो शेठ होता; रोल कसा आहे हे ज्याला कळत होतं तो माणूस आत धुळीत उभा होता.

पुढच्या साली बाजारात एक नवं धान मोठ्या प्रमाणात येऊ लागलं. त्याचं नाव एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. 1983 साली त्यांना आपल्या बांधीत वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. वर्षानुवर्षं हेच. त्यातून हा बारीक, मऊ शिजणारा तांदूळ आला. धान बाजारात गेलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव व्यापाऱ्यानं त्याला दिलं. दादाजींनी बियाणं अडवून ठेवलं नाही आणि ते शेतोशेती पसरलं.

पण मिलवर त्यानं गोंधळ उडवला. आजवर इथल्या मशीनवर गुरमाटियासारखं जाड धान चालत आलं होतं. सगळी मापं, सगळा हात त्या जाड दाण्यावर बसलेला. एचएमटीचा बारीक दाणा मशीनवर आला की कणीचा ढीग पडू लागला. मिलवाल्याला कणी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. आज सरकारी धानाची भरडाई करताना क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यावा लागतो आणि त्यात कणी किती चालेल याला मर्यादा असते. खुल्या बाजारातही अख्ख्या दाण्याला भाव, कणीला कोण विचारतो? अख्खा दाणा फुटला की मिलवाल्याच्या नफ्याचा दाणा फुटला.

नागपूरचा व्यापारी म्हणाला, रोल बदला. लोकांनी बदलले. कणी तशीच. मग म्हणाला, दुसऱ्या प्रतीचे घ्या. तेही घेतले. कणी तशीच.

भाच्यालाही कारण ठाऊक नव्हतं. त्या महिन्याचं कार्ड त्यानं पाठवलं नाही. तो तिरोड्याकडच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीही वैतागलेला होता. दोघांनी मिळून शेठकडे चार पोती धान प्रयोगाला मागितलं. शेठ एरवी मूठभरही देणारा नव्हता, पण नुकसान इतकं होतं की त्यानं नुसतं हातानं "घ्या" म्हटलं.

त्यांनी आधी शेलरवरचं धान ओतायचं हॉपर पूर्ण रिकामं केलं. तळाशी काय निघालं? अर्धं गुरमाटिया, अर्धं एचएमटी. एक धान संपायच्या आत हमाल दुसऱ्याची पोती ओतत होते. दोन रोलमधली फट जाड दाण्यासाठी ठेवलेली. बारीक दाणा तिच्यातून न सोलताच निसटायचा. तो सोलावा म्हणून ऑपरेटर दाब वाढवायचा आणि जाड दाण्याचा चुरा व्हायचा. मग मशीनवर नुसतं एचएमटी घातलं. फट थोडी थोडी कमी केली, धानाची चादर पातळ केली. मूठ घ्यायची, काळ्या कापडावर पसरायची, मोजायचं. वीस राहिले. स्क्रूला पाव फेरा. चौदा राहिले. आणखी थोडं. सहा राहिले, पण कणी वाढली. परत मागे. दहावर थांबले.

कणी पुष्कळ उतरली, तरी राहिलीच. तेव्हा भाच्यानं एक सोललेला दाणा खिडकीच्या उजेडापुढे धरला. दाण्याला आडवी बारीक चीर होती. दुसरा धरला, त्यालाही. धान खळ्यात कडक उन्हात वाळलेलं, रात्री दव प्यालेलं, दुसऱ्या दिवशी परत तापलेलं. दाणा मशीनवर येण्याआधीच आतून तडकलेला होता. तो कुठल्याही रोलखाली फुटणारच होता.

त्या आठवड्यात दोन कार्डं गेली. पहिलं असं होतं: "गुरमाटिया आणि एचएमटी एका हॉपरात घालू नये. धान बदलताना हॉपर रिकामं करावं. बारीक धानाला फट वेगळी, चादर पातळ. एका फेरीत सगळं सोलायला जाऊ नये. शंभरातले दहा राहू द्यावेत. ते परत येतील." दुसऱ्यात उजेडापुढे दाणा धरून चीर कशी पाहायची ते लिहिलं होतं, आणि पुढे: "अशा धानाला रोल बदलून उपयोग नाही. पैसे वाया घालवू नका."

हे शेवटचं वाक्य मामांनी वाचलं. ते दुकानातून उठून बाहेर गेले आणि चहा पिऊन आले.

दहा-बारा दिवसांनी एक माणूस दुकानात आला. मळका सदरा, हातात कागदाची पुडी. तो लाखनीकडचा मिस्त्री होता. पुडीत तांदूळ होता. "तुमच्या कार्डापरमानं केलं," तो म्हणाला. "कणी उतरली. पन पालिशरमदून हे असं येते. पाहा बरं." भाच्यानं दाणे कापडावर पसरले. दोघं वाकून पाहू लागले. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघं आले. हळूहळू सुट्टीच्या दिवशी दुकानापुढच्या बाकावर मिस्त्री बसलेले दिसू लागले, प्रत्येकाजवळ एक पुडी. काही प्रश्न भाच्याला सुटायचे, काही नाही. न सुटणारा प्रश्न दुसरा एखादा मिस्त्री सोडवायचा. मग त्या महिन्याच्या कार्डावर पहिली ओळ असायची, "ही गोष्ट मोहाडीकडच्या मिस्त्रींनी सांगितली." ज्याची गोष्ट छापून यावी तशी कार्डावर यायची तो मिस्त्री ते कार्ड घरी नेऊन ठेवायचा.

भाचा कुणालाच रोल घ्या म्हणत नव्हता. पण मिलमध्ये सामान संपलं की शेठ मिस्त्रीला विचारायचे, "काय आणू? कुठून आणू?" आणि मिस्त्री सांगायचा.

गोंदियाच्या बाजूचा एक मोठा मिलवाला एकदा स्वतः जीप घेऊन आला. त्याच्या दारात भाचा पूर्वी कितीतरी वेळा ताटकळला होता. त्यानं खिशातून ते दुसरं कार्ड काढलं आणि "पैसे वाया घालवू नका" या ओळीवर बोट ठेवलं. "हे तूच लिहिलंस ना? स्वतःचा माल घेऊ नका असं लिहिणारा माणूस पाहायचा होता," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं काहीच घेतलं नाही, चहा घेऊन गेला. पुढच्या हंगामापासून त्याच्या मिलचं सगळं सामान या दुकानातून जाऊ लागलं, आणि भावासाठी त्यानं कधी घासाघीस केली नाही. घासाघीस करणारे इतर पुष्कळ होते, ते शेवटपर्यंत राहिले. स्टीलच्या टाक्याही काही जण घेतच राहिले. सगळं जग बदललं असं काही झालं नाही.

मामांनी जन्मभर एका फेरीत सगळं सोलायला पाहिलं होतं. दारात पाय ठेवला की ऑर्डर, आजच्या आज. त्या दाबाखाली माणसं फुटत होती, आणि फुटलेलं माणूस परत येत नाही, ते "शेठ बाहेरगावी गेले" असं सांगायला लावतं. भाच्यानं दाब काढला. पहिल्या फेरीत जे आले नाहीत त्यांना त्यानं जाऊ दिलं. त्यातले बरेच स्वतःच्या पायानं दुसऱ्या फेरीत आले, आणि काही आलेच नाहीत, तेही खरं.

एका पावसाळ्यात भाचा तापानं पडला. महिना संपत आला, कार्ड लिहून व्हायचं होतं. मामा त्याच्या खाटेशी येऊन बसले. बराच वेळ छताकडे पाहत राहिले.

"पट्ट्याचं कधी लिवलं का तू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सांध्याचं?"

"नाही, मामाजी."

"मंग लिव. लोक पट्टा तिरपा कापतेत आन् सांधतेत. तो पुलीवरून उतरते. मंग म्हनतेत पट्टा खराब. गुण्या लावून कापाचा. काटकोनात. तीस वर्सं पाहून रायलो मी हे."

भाचा उठून बसला, कार्ड मांडीवर घेतलं आणि लिहू लागला. मामा सांगत होते. गुण्या कसा धरायचा, भोकं टोकापासून किती आत पाडायची, सांधा पुलीवर टकटक वाजला तर काय समजायचं. मामांना एवढं येतं हे भाच्याला ठाऊकच नव्हतं. मामा सांगताना हातवारे करत होते, मधेच उठून दाराच्या चौकटीला काल्पनिक पट्टा लावून दाखवत होते. कार्ड भरत आलं.

"आता खाली लिव," मामा म्हणाले, "उत्तम प्रतीचे पट्टे आमच्याकडे वाजवी भावात..."

भाच्याचं पेन थांबलं. त्यानं मामांकडे पाहिलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे पाहिलं.

"जागा नाई उरली वाटते," मामा म्हणाले. "राहू दे मंग. पन ते टकटकीचं नीट लिवलं ना?"